कल्पित राज्याची बंदूक : किप्लिंग आणि कॉनरॅड यांच्या कथनातील शस्त्रविचार

कथा-कादंबरीतील कल्पित राष्ट्रांचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने 'अद्भुतरम्य' या संज्ञेखाली झालेला आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड' (१८७१) या कादंबरीतील काळ शिवकालाचा, पण गड मात्र कल्पित. अशा रचनेत कल्पित स्थळ हे इतिहासाच्या वास्तवात कसे बसविले जाते, याची चर्चा आपल्याकडे झाली आहे. परंतु अशा गडावरची किंवा राज्यातली तोफ कोणी ओतली, बंदूक कोठून आली, दारू कोणत्या कोठारात साठविली गेली, हे प्रश्न वाङ्मयीन मानले जात नाहीत. ते इतिहासकाराचे किंवा हौशी शस्त्राभ्यासकाचे समजले जातात. एखाद्या कल्पित राष्ट्राच्या लष्करी रायफलीचा 'विकास' हा समीक्षेचा विषय होऊ शकतो असे म्हटले, तर काहीसे हसू येण्याचाच संभव अधिक. तथापि राज्य म्हणजे काय, याची कल्पना लेखकाच्या मनात किती पक्की आहे, हे त्याच्या राजवाड्यापेक्षा त्याच्या शस्त्रागारावरून अधिक चांगले कळते. रडयार्ड किप्लिंगची 'द मॅन हू वुड बी किंग' ही १८८८ साली अलाहाबादच्या इंडियन रेल्वे लायब्ररीतून पुस्तकरूपाने आलेली दीर्घकथा आणि जोसेफ कॉनरॅडची 'नोस्ट्रोमो' (१९०४) ही कादंबरी या दृष्टीने एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

दोन्ही कृतींमधील प्रकाशनकालाचे अंतर सोळा वर्षांचे आहे. ही सोळा वर्षे जगातील सर्व सैन्यांच्या हातांतील बंदूक बदलून टाकणारी होती. एकेक काडतूस भरून उडवावयाची बंदूक मागे पडली आणि बोल्टची मूठ मागेपुढे सरकवून मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत ढकलणारी रायफल सर्वत्र आली. बोल्टची कल्पना नवी नव्हती. प्रशियाने ड्रायझेची सुईबंदूक १८४१ मध्येच स्वीकारली होती, आणि १८६६ च्या युद्धात ठासणीच्या बंदुका वापरणाऱ्या ऑस्ट्रियन सैन्याला तिची किंमत मोजावी लागली. मात्र फ्रान्सने १८८६ मध्ये धूरविरहित दारूची लेबेल रायफल आणल्यावर इतर राष्ट्रांना थांबणे शक्य राहिले नाही. इंग्लंडने ली-मेटफर्ड १८८८ च्या अखेरीस स्वीकारली, रशियाने मोसिनची रायफल १८९१ मध्ये, तर जर्मनीने माउझरची सर्वांत प्रसिद्ध घडण १८९८ मध्ये. म्हणजे किप्लिंगची कथा छापली गेली त्याच वर्षी कथेतील मार्टिनी-हेन्री ही बंदूक खुद्द इंग्लंडात कालबाह्य ठरली. कथेच्या नायकांना हे ठाऊक नाही. त्यांच्या दृष्टीने मार्टिनी हाच शस्त्राचा शेवटचा शब्द आहे.

कथा सर्वपरिचित आहे. डॅनियल ड्रॅव्हट आणि पीची कार्नेहन हे हिंदुस्थानात भटकणारे दोन इंग्रज काफिरिस्तानात जाऊन राजे होण्याचा बेत करतात. काफिरिस्तान हा प्रदेश कल्पित नाही. पण किप्लिंगने रेखाटलेले राज्य पूर्णतः कल्पित आहे, आणि त्या राज्याचा आरंभ नकाशाने होत नाही, तो उंटाच्या ओझ्याने होतो. वेडा फकीर झालेल्या ड्रॅव्हटच्या मातीच्या बाहुल्या आणि भिरभिऱ्यांखाली वीस मार्टिनी व त्यांची काडतुसे लपविलेली आहेत. निवेदक त्या ओझ्यात हात घालतो आणि त्याच्या बोटांना बंदुकीचा दस्ता लागतो. खेळण्यांखाली दडलेले राज्य, असा हा प्रसंग आहे. आणि किप्लिंगने त्यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही, हे त्याच्या संयमाचे उदाहरण म्हणून नोंदवावयास हवे. (एरवी किप्लिंगला संयमी म्हणण्याची वेळ क्वचितच येते.)

यापुढे कथेत जे घडते ते एका कल्पित राष्ट्राच्या शस्त्रसज्जतेचा सविस्तर इतिहासच आहे, आणि समीक्षकांचे लक्ष साम्राज्यवाद, फ्रीमेसन पंथ व देवत्वाचा आभास यांवर खिळल्यामुळे तो दुर्लक्षित राहिला. पहिला टप्पा वीस बंदुकांचा. ड्रॅव्हट वीस माणसे निवडून त्यांना चाप ओढण्याचे, चारचारच्या ओळी करण्याचे आणि रांगेने पुढे सरकण्याचे शिक्षण देतो. दुसरा टप्पा खरेदीचा. कार्नेहन घोरबंदला जातो. अमिराच्या काबूल येथील कारखान्यात हाताने घडविलेल्या बंदुका तेथे मिळू शकतात. तेथील अधिकाऱ्यांना लाच देऊन तो शंभरावर हाताने घडविलेल्या मार्टिनी, शंभर कोहाटी जेझाईल आणि चाळीस माणसांच्या ओझ्याइतकी काडतुसे घेऊन परततो. ही काडतुसे अत्यंत निकृष्ट होती, हेही तो जाता जाता सांगतो. तिसरा टप्पा स्वप्नाचा. हिवाळा जवळ येत असता ड्रॅव्हट देवदारांच्या वनात येरझाऱ्या घालत दारूखाने आणि कारखाने उभारण्याच्या मोठमोठ्या गोष्टी बोलू लागतो. चौथा टप्पा मात्र विलक्षण आहे. साम्राज्याची पूर्ण योजना तो मांडतो तेव्हा कारखान्यांचा उल्लेख मागे पडलेला असतो आणि त्या जागी एक लाख स्नायडर बंदुका आलेल्या असतात. हिंदुस्थानातील फौजांना मार्टिनी मिळाल्यावर ज्या टाकून दिल्या जातील, त्या झिजलेल्या स्नायडर अमिराच्या मुलखातून थोड्याथोड्या आणावयाच्या, असा त्याचा हिशेब आहे.

या क्रमाकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. राज्य जसजसे मोठे होते तसतशी त्याची बंदूक मागे जाते. आरंभ अस्सल मार्टिनीने, मग तिची हाती घडविलेली नक्कल, आणि कळसाला स्नायडर, म्हणजे १८६६ च्या सुमारास ठासणीच्या एन्फिल्डला मागून भरण्याची झडप बसवून केलेली तडजोड. वीस माणसांचा राजा अद्ययावत शस्त्र बाळगू शकतो; लाखांच्या सैन्याचा सम्राट मात्र दुसऱ्या साम्राज्याने टाकलेल्या शस्त्रांवर अवलंबून राहतो. 'विकास' या शब्दाची इतकी नेमकी उलटापालट अन्य कोणत्याही कल्पित राज्याच्या कथेत आढळणे कठीण आहे.

किप्लिंगने ही उलटापालट रचली नाही, ती त्याला समोर दिसत होती, असे म्हणणे अधिक योग्य होईल. १८५७ चा उठाव काडतुसांवरून भडकला हे सर्वज्ञात आहे. पण त्यानंतर देशी पलटणींना काही काळ आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या, आणि गोऱ्या पलटणींपेक्षा देशी पलटणींचे शस्त्र एक पिढी मागे ठेवण्याचा शिरस्ता पडला, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर. गोऱ्यांकडे मॅगझिनची रायफल तेव्हा देशी शिपायाकडे मार्टिनी. लाहोर व अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत काम केलेल्या किप्लिंगला हा शिरस्ता पाठ होता. ड्रॅव्हट स्वतःला स्वतंत्र राजा समजतो. पण त्याच्या साम्राज्याच्या आराखड्यात त्याचे सैन्य नकळत देशी पलटणीच्या पायरीवर, खरे तर तिच्याही एक पायरी खाली, उभे केले गेले आहे. गादी मिळाली तरी श्रेणी बदलत नाही.

येथे एक प्रत्यक्ष उदाहरण तुलनेसाठी घेणे उपयुक्त ठरेल. त्याच काळात नेपाळलाही इंग्रजांकडून नवी शस्त्रे हवी तशी मिळत नव्हती. तेथे गेहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखली जाणारी रायफल घडविण्यात आली. बाहेरून ती मार्टिनीसारखी दिसते, पण आतील यंत्रणा वेगळी आहे. तिचे भाग हाताने जुळवून बसविलेले, म्हणून एका रायफलीचा सुटा भाग दुसरीत बसेलच असे नाही. ड्रॅव्हटने देवदारांच्या वनात जे स्वप्न पाहिले ते एका हिमालयीन राज्याने खरोखर करून दाखविले, आणि करून दाखविल्यावर त्या स्वप्नाची मर्यादाही दिसून आली. बंदूक घडविणे कारागिराला जमते. एकाच मापाच्या दहा हजार बंदुका घडविणे हे मात्र राज्ययंत्रणेचे काम आहे. त्यासाठी प्रमाण मापे, तपासनीस, पोलाद, वेतन आणि हिशेबनीस लागतात. काडतुसाच्या बाबतीत तर हे आणखी खरे आहे. मुंबई इलाख्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, आणि कलकत्त्याजवळील डमडमचे नाव तर पुढे एका गोळीलाच चिकटले. बंदूक पळवून नेता येते. काडतुसांचा पुरवठा पळवून नेता येत नाही. कार्नेहनच्या चाळीस ओझ्यांतील निकृष्ट काडतुसे हा त्या कल्पित राज्याचा खरा अर्थसंकल्प होय.

शस्त्राचा कथनरूपाशी असलेला संबंध आणखी एका अंगाने पाहता येतो. मार्टिनी ही बोल्टची रायफल नव्हे. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की आतील ठोकळा खाली झुकतो, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे हाताने भरावे लागते. प्रत्येक बारानंतर एक क्षण मोकळा राहतो. किप्लिंगच्या कथेतील राज्यस्थापना याच लयीत घडते : लांबवर एक माणूस, एक बार, तो माणूस पडतो, बाकीचे पाया पडतात. प्रत्येक गोळी मोजलेली आहे आणि प्रत्येक गोळीला परिणाम आहे. दोघा इंग्रजांचे देवत्व या अंतरावर उभे आहे, कारण मृत्यू इतक्या दुरून येतो की त्याचा संबंध हातातल्या वस्तूशी जोडणे पाहणाऱ्याला जमत नाही. म्हणूनच हे देवत्व ज्या प्रसंगी कोसळते तो प्रसंग अंतर नाहीसे होण्याचा आहे. लग्नासाठी आणलेली मुलगी ड्रॅव्हटला चावते, रक्त दिसते, आणि देव माणूस ठरतो. त्यानंतरही कार्नेहन गर्दीत मार्टिनी झाडतो, पण आता ती केवळ एक बंदूक आहे. हा अंत स्त्रीविषयक शपथेच्या भंगाचे फळ म्हणून वाचण्याची प्रथा आहे आणि कथेतील करारनामा त्या वाचनाला आधारही देतो. परंतु नैतिक दंडाचे हे वाचन कथेला बोधकथेच्या पातळीवर आणते. अंतराचे वाचन तिला त्यातून सोडविते.

कॉनरॅडच्या 'नोस्ट्रोमो'मध्ये अंतर वेगळ्या जातीचे आहे. कोस्टाग्वाना हे दक्षिण अमेरिकेतील कल्पित प्रजासत्ताक. त्याचा सुलाको हा पश्चिमेकडील प्रांत चांदीच्या खाणीमुळे श्रीमंत. कादंबरी लिहिली जात असतानाच, १९०३ मध्ये, पनामा कोलंबियापासून फुटून निघाला होता, आणि सुलाकोच्या फुटून निघण्यावर त्या घटनेची छाया पडली आहे. या फुटीमागे एक शस्त्रखरेदी आहे. पॅरिसमध्ये राहणारा, कशावरही विश्वास नसलेला मार्टिन देकू हा सुलाकोच्या देशभक्त मंडळींनी नेमलेल्या लहान शस्त्रांच्या समितीचा कार्यकारी सदस्य होतो. तो युरोपात रायफली मिळवितो आणि त्यांच्याबरोबर स्वतः सुलाकोला येतो. जनरल बारियोसचे सैन्य केयटाकडे समुद्रमार्गे जाते आणि निर्णायक वेळी परत येऊन सुलाको वाचविते. पश्चिमी प्रजासत्ताक जन्माला येते.

एवढे महत्त्व असलेल्या या रायफलीची यंत्रणा कॉनरॅड वर्णन करीत नाही. किप्लिंगचा निवेदक बंदुकीच्या दस्त्याला स्पर्श करतो. कॉनरॅडचा वाचक रायफलीच्या पेटीपर्यंतही नीट पोहोचत नाही. हा तपशिलाचा अभाव म्हणावा काय? खलाशी म्हणून वर्षानुवर्षे दोरखंड आणि शिडांच्या तपशिलात जगलेल्या लेखकाबद्दल असे म्हणणे धाडसाचे होईल. मॅगझिनच्या रायफलीने एकेका बाराला असलेले कथात्म मूल्य संपुष्टात आणले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अशा युद्धात कोण कोणाच्या गोळीने पडला हे सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच की कोणाकडे रायफली वेळेवर पोहोचल्या. म्हणून लढाई कादंबरीच्या पडद्याआड जाते आणि समिती, पत्रव्यवहार, जहाज, कर्ज, खाण ही पुढे येतात. विजयाची हकिगत पुढे कॅप्टन मिचेलच्या तोंडून, पाहुण्यांना गाव दाखविणाऱ्या वाटाड्याच्या घाईने, सांगितली जाते. रायफल आहे, पण ती आता वस्तू राहिलेली नाही; ती बीजकावरची एक ओळ झाली आहे.

देकूचा शेवट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. निर्जन बेटावर एकटेपणाने खचलेला हा मनुष्य चांदीच्या चार विटा खिशांत घालून, होडीच्या कडेवर बसून रिव्हॉल्व्हर झाडून घेतो आणि बुडतो. ज्याने एका राष्ट्रासाठी हजारो मैलांवरून शस्त्रे आणली त्याच्या हातून आपल्या डोळ्यांसमोर उडालेला बार हा एवढाच. कॉनरॅडने उपरोध कोठेही बोलून दाखविलेला नाही. पण चांदी आणि शस्त्र यांचे नाते कादंबरीत इतक्या जवळून अन्यत्र दिसत नाही. चांदीने रायफली येतात, रायफलींनी चांदी राखली जाते, आणि शेवटी चांदी वजनापुरती उरते.

या दोन कृतींच्या तुलनेत कल्पित राष्ट्रांचा तिसरा प्रकार, म्हणजे अँथनी होपच्या 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (१८९४) मधील रुरिटानिया, शस्त्रविचाराच्या दृष्टीने अगदीच पोकळ ठरतो. तेथे तलवार आहे, रिव्हॉल्व्हर आहे, प्रसंगी नायक चहाचे टेबल ढालीसारखे वापरतो. परंतु त्या राज्याचे सैन्य कोणती रायफल वापरते हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण राज्य म्हणजे तेथे राजवाडा, किल्ला आणि त्यांच्यामधला रस्ता एवढेच. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी बंगालीत 'झिंदेर बंदी' करताना हे कथानक मध्य भारतातील एका कल्पित संस्थानात आणले आणि ते तेथे सहज सामावले. त्याचे कारणही शोधण्यासारखे आहे. शस्त्रांच्या बाबतीत परावलंबी असलेल्या संस्थानाच्या वातावरणात तलवारीची शौर्यकथा मूळ युरोपीय राज्यापेक्षा अधिक स्वाभाविक वाटते.

अलीकडच्या काळात पाश्चात्त्य कल्पनासाहित्यात आणि खेळांच्या विश्वात कल्पित राष्ट्रांची सविस्तर लष्करी वंशावळ रचण्याची रीत रूढ झाली आहे. राष्ट्राचे नाव, त्याच्या बोल्ट रायफलीचे नमुने, त्यांची वर्षे, नळीची लांबी, काडतुसाचे माप असे सारे त्यात असते. ही हौस तुच्छ मानण्याचे कारण नाही. कल्पनेला तपशिलाची शिस्त लावणे हा चांगलाच व्यायाम आहे. पण अशा बहुतेक वंशावळींत एक दोष आढळतो. प्रत्येक नमुना मागच्यापेक्षा सुधारलेला असतो, आणि रायफल त्या राष्ट्राच्या स्वभावातून उगवल्यासारखी दाखविली जाते. वास्तवातील 'राष्ट्रीय' रायफली अशा उगवलेल्या नाहीत. मार्टिनी-हेन्रीची मूळ यंत्रणा पीबॉडी या अमेरिकनाची, सुधारणा मार्टिनी या स्वित्झर्लंडमधील अभियंत्याची, नळी एडिंबरोच्या हेन्रीची. ली-एन्फिल्डमधील ली हा स्कॉटलंडात जन्मून कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत काम केलेला. सयामची १९०३ ची माउझर जपानच्या तोक्यो शस्त्रागारात तयार झाली. तिच्यावर चक्राची मुद्रा आहे आणि नेम धरण्याच्या पट्टीवरील आकडे थाई लिपीत आहेत. एखाद्या कादंबरीकाराने हे योजिले असते तर समीक्षकाने ते अतिरंजित ठरविले असते.

कॅनडाच्या रॉस रायफलीचे उदाहरण तर अशा वंशावळकारांनी आवर्जून पाहावे. बोअर युद्धाच्या काळात इंग्लंडकडून पुरेशा रायफली मिळेनात, तेव्हा कॅनडाने स्वतःची रायफल करावयाचे ठरविले. क्वेबेकमध्ये कारखाना निघाला. बोल्ट सरळ मागे ओढण्याची ती रायफल नेमबाजीच्या स्पर्धांत नावाजली गेली. १९१५ मध्ये ईप्रच्या खंदकांतील चिखलात, ढिल्या मापांच्या काडतुसांनी, ती अडकू लागली; सैनिक मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एन्फिल्ड उचलू लागले; १९१६ मध्ये ती आघाडीवरून काढून घेण्यात आली. येथे राष्ट्राभिमान, कंत्राट, मंत्र्याचा हट्ट आणि चिखल हे सारे एका बोल्टमध्ये एकवटले आहे. कल्पित राष्ट्राच्या रायफलीला असा एखादा दोष, आणि तो दोष झाकणारा एखादा मंत्री, मिळाला नाही तर तिच्या दहा नमुन्यांची यादीही तिला जिवंत करू शकत नाही.

दुसरी कसोटी ड्रॅव्हटनेच सुचविलेली आहे : जुनी बंदूक कोठे जाते? नवे शस्त्र आले की जुने वितळविले जात नाही. ते खालच्या पायरीवर उतरते. गोऱ्या पलटणीकडून देशी पलटणीकडे, तेथून पोलिसांकडे, तेथून कधी टोळीवाल्यांकडे. इछापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड बनत राहिली, १९६२ नंतर तिचा ७.६२ मापाचा अवतारही तेथेच घडला. 'थ्री नॉट थ्री' हा शब्द तर मराठीसह बहुतेक भारतीय भाषांत पोलिसाच्या वर्णनाचा भाग होऊन बसला. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर ज्या उभ्या राहिल्या त्यांत हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. एका शस्त्राच्या या उतरंडीत राज्य कोणाच्या जिवाची किती किंमत करते हे स्पष्ट नोंदविलेले असते, आणि कथाकाराला ते वाचता आले पाहिजे.

किप्लिंगला ते वाचता आले. मात्र त्याच्या कथेचा शेवट या प्रश्नापाशी गप्प राहतो. ड्रॅव्हट दोरांच्या पुलावरून दरीत पडतो. कार्नेहन क्रूसावर टांगला जाऊनही वाचतो, भीक मागत हिंदुस्थानात येतो आणि त्याच्या पिशवीतून मित्राचे मुकुटधारी मस्तक बाहेर निघते. बंदूक एकही परत येत नाही. त्या वीस मार्टिनी, शंभरावर नकला आणि उरलीसुरली काडतुसे त्या खोऱ्यांतच राहिली असावीत, एवढेच कथेवरून समजावयाचे. कथा प्रसिद्ध झाल्यावर सात-आठ वर्षांनी, १८९५-९६ च्या हिवाळ्यात, अमीर अब्दुर रहमानच्या फौजा खऱ्या काफिरिस्तानात शिरल्या. त्यांच्याकडे रायफली आणि तोफा होत्या. काफिरांकडे मुख्यतः धनुष्यबाण, भाले आणि थोड्या जुन्या बंदुका. मोहीम संपल्यावर प्रदेशाचे नाव नूरिस्तान झाले.